भारत संशोधनात जगात तिसरा? पण मोजलं कोणी आणि कसं?

बंड्या_पेठेतला
मंडळी, फॅमिली ग्रुपवर एकाच दिवशी दोन फॉरवर्ड आलेत. एकात भारत रिसर्च पेपरच्या संख्येत जगात तिसरा, चीन अमेरिकेनंतर थेट आपणच, खाली तिरंगा आणि हात जोडलेले. दुसऱ्यात आपल्याकडे संशोधन म्हणजे नुसता आनंदीआनंद. वाद बाजूला ठेवून मी आकडे शोधायला बसलो तर एकीकडे २०२२ चे भारताचे दोन लाख पेपर दिसतात आणि दुसऱ्या साइटवर त्याच वर्षाचे बरेच जास्त. एका देशातून एका वर्षात किती पेपर छापून आले हे मोजायला एवढं अवघड काय आहे? पेपरला आधार नंबर नसतो का? जाणकारांनी उजेड पाडावा. राजकारण नको, त्यासाठी वेगळे धागे ओसंडून वाहतायत.

तिरपागडा
आधार असून तरी कुठे सगळं जुळतंय. बसलोय वाचत.

आकडेमोडे_नाना
बंडोपंत, दोन लाखवाला आकडा बहुतेक अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनचा असणार. त्यांच्या इंडिकेटर्स नावाच्या अहवालात २०२२ साठी चीन सुमारे ८ लाख ९९ हजार, अमेरिका ४ लाख ५७ हजार आणि भारत २ लाख ७ हजार असे आकडे आहेत, जगाचे मिळून ३३ लाख, म्हणजे आपला वाटा साधारण ६ टक्के. डेटा एल्सेव्हियर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपसमधला, म्हणजे जगभरच्या निवडक जर्नल्समधल्या पेपरांच्या डेटाबेसमधला. तुम्ही दुसरी जी साइट बघितली ती सिमॅगो ही देशांची क्रमवारी लावणारी साइट असेल तर गंमत अशी की तिचा डेटापण स्कोपसचाच आहे! फरक मोजण्याच्या पद्धतीचा आहे.

समजा एका पेपरला पाच लेखक आहेत, तीन भारतातले, एक जर्मनीतला, एक अमेरिकेतला. सिमॅगोवाले भारताला १, जर्मनीला १, अमेरिकेला १ देतात. पेपर एकच पण देशांची बेरीज झाली ३. याला फुल काउंटिंग म्हणतात. एनएसएफवाले तोच पेपर फोडतात, भारताला ०.६, बाकी दोघांना ०.२ प्रत्येकी, बेरीज बरोब्बर १. हे फ्रॅक्शनल. शिवाय एनएसएफ स्कोपसमधली काही संशयास्पद जर्नल्स गाळून मग मोजतं आणि कॉन्फरन्स पेपर मात्र धरतं. एवढं सगळं झाल्यावर आकडे जुळले असते तरच आश्चर्य.

अर्धवट_पीएचडी
नाना मग खरा आकडा कुठला? गाइडला सांगायचा तर कुठला सांगू, प्रस्तावनेत पहिल्याच पानावर "इंडिया रँक्स थर्ड" टाकलंय मी 😐

आकडेमोडे_नाना
प्रश्न काय विचारताय त्यावर आहे. किती पेपरमध्ये भारताचा हात आहे असा प्रश्न असेल तर फुल. जगाच्या एकूण संशोधनात भारताचा हिस्सा किती असा असेल तर फ्रॅक्शनल, कारण फुलमध्ये सगळ्या देशांचे टक्के मिळवलेत तर शंभरच्या पुढे जातात, आणि पेपरवाले बिनधास्त त्यालाच "जगातला वाटा" म्हणून छापतात.

टोकाचं उदाहरण घ्या. २०१५ मध्ये सर्न या युरोपातल्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन गटांनी मिळून हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावर फिजिकल रिव्ह्यू लेटर्समध्ये पेपर काढला. लेखक ५१५४. छापील ३३ पानं, त्यातली ९ पानं विज्ञान आणि २४ पानं नुसती नावं आणि संस्था. सीएमएसमध्ये आपली मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था (टीआयएफआर) आहे, म्हणजे फुल काउंटिंगमध्ये हा भारताचा पण एक अख्खा पेपर, अमेरिकेचा पण एक अख्खा, आणि अगदी छोट्या देशाचे दोनच लोक असले तरी त्यांचापण अख्खा. शंभर दोनशे असे पेपर छोट्या देशाच्या खात्यात पडले की त्याचं भौतिकशास्त्र एकदम जागतिक दर्जाचं दिसायला लागतं, सायटेशन, म्हणजे इतरांनी पेपरला दिलेले संदर्भ, ते तर विचारूच नका.

तिरपागडा
म्हणजे फ्रॅक्शनल लावलं की गोऱ्यांचे आकडे खाली आणि आपले वर? मला चालतंय.

आकडेमोडे_नाना
वर कुणाचेच जात नाहीत हो, सगळ्यांचे खालीच येतात. ज्यांची बाहेरच्यांशी भागीदारी जास्त त्यांचे जास्त येतात. ब्रिटनच्या निम्म्याहून जास्त पेपरमध्ये परदेशी लेखक असतो, आपल्याकडे ते प्रमाण फारच कमी. म्हणून क्रमवारीत आपण वर सरकतो. ही कौतुकाची गोष्ट आहे का हे तुम्हीच ठरवा, बाहेरच्यांबरोबर कमी काम करतो म्हणून रँक चांगला.

कालव्याकाठची
उत्रेख्तहून लिहितेय, नोकरीच या आकड्यांशी संबंधित आहे म्हणून राहवलं नाही. नानांनी मोजणी सांगितली, पण त्याच्या आधीची पायरी म्हणजे मुळात डेटाबेसमध्ये काय आहे आणि काय नाही, आणि माझ्या मते खरा घोळ तिथे आहे.

भारताचंच उदाहरण. २००२ च्या सुमाराला सुब्बय्या अरुणाचलम या माहितीशास्त्रज्ञांनी करंट सायन्स या भारतीय जर्नलमध्ये आकडे मांडले होते, सायन्स सायटेशन इंडेक्समध्ये (निवडक जर्नल्समधल्या पेपरांची सूची) १९८० साली भारताचे जवळपास १५ हजार पेपर आणि २००० साली १२ हजारांच्या आसपास. त्याच काळात चीन हजाराच्या आतून २२ हजारांवर. मोठी खळबळ झाली तेव्हा, भारतीय विज्ञान घसरणीला लागलं म्हणून. आता चीनची झेप खरीच होती आणि आपल्याकडे पैशाची, माणसांची बोंब होती हेपण खरं, पण त्या घसरणीत एक छुपी गोष्ट होती. मधल्या वर्षांत त्या इंडेक्सने घेतलेली भारतीय जर्नल्स कमी झाली होती. आपले बरेच लोक तेव्हा इथल्याच जर्नल्समध्ये छापायचे, जर्नल यादीतून गेलं की त्यातले सगळे पेपर एका फटक्यात गायब. प्रयोगशाळेत लोक तेवढंच काम करतायत, तक्त्यावर मात्र देश खाली चाललाय. किती भाग खऱ्या घसरणीचा आणि किती यादीचा यावर तेव्हा बरीच भवति न भवति झाली.

२००४ मध्ये स्कोपस आलं, त्याने बरीच जास्त जर्नल्स घेतली, त्यात भारतीयपण भरपूर. वेब ऑफ सायन्सने (तो जुना सायन्स सायटेशन इंडेक्स आता याच डेटाबेसचा भाग आहे) २०१५ मध्ये इमर्जिंग सोर्सेस नावाचा नवा इंडेक्स उघडला. त्यामुळे नंतरच्या वाढीच्या आलेखात पण यादी फुगल्याचा भाग आहेच. मी कुठलाही "वीस वर्षांत इतकी पट वाढ" असा आलेख बघितला की पहिला प्रश्न हा, की दोन्ही टोकांना असलेलीच जर्नल्स धरून परत मोजलंय का. बहुतेक वेळा नसतं मोजलेलं.

बंड्या_पेठेतला
ताई हे भारीच. म्हणजे घसरण पण अर्धी खोटी आणि भरारी पण अर्धी खोटी? दोन्ही फॉरवर्डवाले काका नाराज होणार.

कालव्याकाठची
अर्धी बिर्धी असा आकडा मी देणार नाही 😀 पण हो, दोन्हीत यादीचा हात आहे. अजून एक, वेब ऑफ सायन्समध्ये देशाच्या रकान्यात युनायटेड किंगडम सापडतच नाही. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, नॉर्थ आयर्लंड अशा चार वेगळ्या नोंदी. नवशिके चारांची बेरीज करतात आणि एडिंबरा नि ऑक्सफर्डने मिळून लिहिलेला पेपर दोनदा धरतात. नुसतं इंग्लंड घेऊन ब्रिटन म्हणून छापणारे पण बघितलेत.

ग्रंथपाल_मावशी
माझं दुकान खूप खालच्या पातळीवरचं आहे, एका कॉलेजची लायब्ररी. पण देशाच्या आकड्यात जे घोळ होतात ते आमच्यासारख्यांच्या एक्सेल शीटमध्ये जवळून दिसतात म्हणून लिहिते.

नॅक, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणारी समिती, आली की क्रायटेरियन ३ साठी, म्हणजे संशोधनाच्या भागासाठी, सगळ्या प्राध्यापकांचे पेपर गोळा करायचे. स्कोपसमध्ये आमच्या कॉलेजचं नाव टाकलं तर निम्मे पण येत नाहीत. का, तर नाव. कुणी विद्यापीठाचं नाव लिहिलंय आणि कॉलेजचं नाही, कुणी फक्त डिपार्टमेंट आणि गाव. विद्यापीठांचंच बघा, पुण्याचं आधी युनिव्हर्सिटी ऑफ पूना, मग पुणे, मग २०१४ पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, कोणी एसपीपीयू एवढंच लिहितं. मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ ला नामांतर झालं, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, आणि आंबेडकरांच्या नावाची विद्यापीठं आग्र्याला आहेत, लखनौला आहेत, दिल्लीत आहेत. त्यात शहर औरंगाबाद, तर औरंगाबाद बिहारमध्येपण आहे, आणि २०२३ पासून आपलं छत्रपती संभाजीनगर. आता कम्प्युटर बिचारा काय करणार.

अर्धवट_पीएचडी
मावशी पण हे सगळं भारतातच आहे ना? देश मोजायचा असेल तर आग्रा काय नि संभाजीनगर काय, इंडिया म्हणून एकच धरलं जाणार.

ग्रंथपाल_मावशी
पत्त्यात इंडिया लिहिलं असेल तर रे बाळा. जुन्या पेपरवर "पूना ५" एवढंच असतं.

आकडेमोडे_नाना
आणि नाव सीमेपलीकडेही असतं. हैदराबाद तेलंगणात आहे तसं सिंधमध्ये आहे. पंजाब युनिव्हर्सिटी चंदीगडला आहे आणि लाहोरला पण आहे, चंदीगडवाले स्पेलिंगमध्ये यू ऐवजी ए लावतात एवढाच काय तो फरक, आणि तो लेखक स्वतःच पाळत नाहीत. सेलम तामिळनाडूत आहे आणि अमेरिकेत तर चिक्कार आहेत. सगळ्यात बेक्कार म्हणजे आय-एन ही दोन अक्षरं. आंतरराष्ट्रीय कोडमध्ये ती भारताची, आणि अमेरिकन पत्त्यात इंडियाना राज्याची. कच्च्या पत्त्यांवर घाईत स्क्रिप्ट चालवली की पर्ड्यू विद्यापीठ वेस्ट लाफायेटसकट भारतात येऊन बसतं.

तिरपागडा
घेऊन टाका. नाहीतरी तिथे अर्धे आपलेच आहेत.

मांडवीकाठचो
गोव्यातून. दोना पावलाला एनआयओ आहे, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओशनोग्राफी, सीएसआयआरची. कराचीत पाकिस्तानची संस्था आहे, नाव अगदी तेच, नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ओशनोग्राफी. इस्रायलमध्ये हैफाला आहे तिचंही नाव तेच! एका मित्राला अरबी समुद्रावरचे भारताचे पेपर किती हे काढायचं होतं, तर कराची आणि दोना पावला दोघंही त्याच समुद्रावर लिहिणार, विषयावरून वेगळं करायची सोयच नाही. ह्यावर उपाय काय असतो नाना?

आकडेमोडे_नाना
आता बऱ्याच ठिकाणी संस्थेला स्वतःचा ओळख नंबर असतो, आरओआर म्हणून रजिस्ट्री आहे २०१९ पासून, लेखकासाठी ऑर्किड २०१२ पासून. बंडोपंतांचा आधार नंबर म्हणाल तर पेपरसाठी डीओआय. पण नंबर असणं आणि तो नोंदीत भरलेला असणं यात फरक आहे. आपल्याकडच्या कित्येक जर्नल्सना डीओआयच नाही, कारण त्याला फी पडते आणि माहिती नीट भरायला माणूस लागतो. उलट बाजूने एकाच कामाला दोन डीओआय असतात, प्रीप्रिंटचा (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेल्या मसुद्याचा) वेगळा आणि छापून आलेल्याचा वेगळा, दोन्ही धरले की डबल.

कालव्याकाठची
ओपनअ‍ॅलेक्सचं नाव अजून कुणी घेतलं नाही. मायक्रोसॉफ्टने त्यांचा अ‍ॅकॅडेमिक ग्राफ हा पेपरांचा डेटाबेस २०२१ अखेर बंद केला, त्यातून जानेवारी २०२२ मध्ये हे सुरू झालं, सगळा डेटा फुकट आणि मोकळा. पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठाने २०२४ पासून वेब ऑफ सायन्सचं सबस्क्रिप्शन बंद करून इकडे मोर्चा वळवला, आमच्या लायडनच्या विद्यापीठ रँकिंगनेपण २०२४ मध्ये त्यावर उभी केलेली ओपन आवृत्ती काढली. ज्यांना स्कोपस परवडत नाही त्यांच्यासाठी हे वरदान आहे, लॉगिन न करता घरी बसून देशाचे आकडे काढता येतात. मात्र एक लक्षात ठेवा, त्यात खूप नोंदींना संस्थाच जोडलेली नसते, म्हणून देशही नसतो. जुन्या नोंदी आणि छोट्या प्रकाशकांच्या नोंदी जास्त. म्हणजे स्कोपसमध्ये जर्नल नाही म्हणून पेपर दिसत नाही, आणि इथे पेपर दिसतो पण तो कुठल्या देशाचा ते कळत नाही.

ग्रंथपाल_मावशी
सगळं आत घ्यायला हरकत नाही पण "सगळं" म्हणजे काय हे आम्ही जवळून बघितलंय. एपीआय (प्राध्यापकांच्या कामाला गुण द्यायची यूजीसीची पद्धत) आलं, प्रमोशनला पॉइंट मोजायला लागले, आणि मग गल्लोगल्ली इंटरनॅशनल जर्नल. यूजीसीची मान्यताप्राप्त यादी २०१७ ला आली त्यात विद्यापीठांनी सुचवलेली वाट्टेल ती नावं घुसली. भूषण पटवर्धन सर आणि सहकाऱ्यांनी त्यातली सँपल घेऊन तपासली, करंट सायन्समध्ये २०१८ ला छापलंय, विद्यापीठांकडून आलेल्या ज्या जर्नल्सची छाननी केली त्यातली ८८ टक्के कमी दर्जाची निघाली. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४३०५ जर्नल्स काढून टाकली. मग यूजीसीचीच नवी केअर यादी, तिचं काम आपल्या पुणे विद्यापीठातूनच चालायचं, तीपण फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता संस्थांनी आपापलं ठरवायचं. म्हणजे मोजायचा पेपर कुठला याचा निर्णय परत आमच्या एक्सेलवर.

एकदा एका सरांनी फाइल आणून दिली, सात पेपर, सातही एकाच जर्नलच्या एकाच अंकात. अंक जाड होता एवढं मात्र खरं.

तिरपागडा
दिवाळी अंक असेल.

अर्धवट_पीएचडी
मग स्कोपसमध्येच राहावं ना, निदान गाळून तरी येतं.

कालव्याकाठची
तिथेही गळती आहेच. २०२३ मध्ये जगभरात दहा हजारांवर पेपर मागे घेतले गेले, त्यातले आठ हजारांपेक्षा जास्त एकट्या हिंदावी या प्रकाशकाचे, आणि ही बरीचशी जर्नल्स इंडेक्समध्ये होती. मागे घेतलेला पेपर वार्षिक आकड्यातून आपोआप वजा होत नाही, तुम्ही स्वतः काढला तरच.

भाऊ_वाईकर
उशिरा येतोय. तुमच्या या सगळ्या चर्चेत मराठी कुठे आहे? भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचं, त्यांच्या त्रैमासिकात मोडी कागद वाचून लोकांनी आयुष्य घातलंय. ते भारताचं संशोधन की नाही?

आकडेमोडे_नाना
भाऊ तुमचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आणि उत्तर वाईट आहे. स्कोपसमध्ये शिरायचं तर लेखाचं शीर्षक आणि सारांश इंग्रजीत हवा, संदर्भ रोमन लिपीत हवेत. मोडी दप्तराचे संदर्भ रोमनमध्ये लिहून कोण बसणार. म्हणून इतिहास, साहित्य, लोककला, शेतीचं स्थानिक काम, कायदा, हे सगळं देशाच्या आकड्यात जवळपास शून्य. आणि हे फक्त आपलं नाही. ओजेएस नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरणाऱ्या पंचवीस हजारांवर जर्नल्सची २०२२ मध्ये पाहणी छापून आली, त्यातली स्कोपसमध्ये साधारण ६ टक्के, वेब ऑफ सायन्समध्ये जेमतेम सव्वा टक्का. सगळ्यात जास्त जर्नल्स इंडोनेशियाची. ब्राझीलने १९९८ मध्येच हे ओळखून स्वतःचा सायेलो काढला, पोर्तुगीज नि स्पॅनिशमधलं काम त्यात दिसतं. आपल्याकडे इंडियन सायटेशन इंडेक्स आहे पण मराठी, तमिळ, बंगालीसाठी सायेलोसारखं काही उभं राहिलं नाही. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात मराठी प्रबंध चिक्कार आहेत, पण प्रबंध हे पेपर नव्हेत म्हणून ते कुणी मोजत नाही.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर भौतिक, रसायन, वैद्यक यांचा देशाचा आकडा स्कोपसवरून काढायला हरकत नाही, मानव्यविद्यांचा काढूच नये. तिथे तो आकडा संशोधनाचा नसतो, इंग्रजीचा असतो.

भाऊ_वाईकर
हे पटलं. पण "काढूच नये" म्हणून भागत नाही, जे मोजलं जात नाही त्याला अनुदान मिळत नाही.

आकडेमोडे_नाना
हो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.

बंड्या_पेठेतला
बरं आता माझ्यासारख्याने घरी बसून २०२३ चा भारताचा आकडा नीट काढायचा ठरवला तर कसा काढू? कालव्याकाठची ताई, जरा पायरी पायरीने.

कालव्याकाठची
आधी काय मोजणार ते लिहून काढा, लेख आणि रिव्ह्यू एवढंच की कॉन्फरन्स पेपरपण. भारताच्या आकड्यात इंजिनीअरिंग कॉन्फरन्सचा भाग मोठा आहे, ते गाळले की लगेच चित्र बदलतं. संपादकीय, पत्रं, शुद्धिपत्रं काढून टाका. मग वर्ष कुठलं धरायचं, पेपर डिसेंबरमध्ये ऑनलाइन आला आणि मार्चच्या अंकात छापला तर तो दोन डेटाबेसमध्ये दोन वर्षांत पडू शकतो, काहीही एक धरा पण सगळ्यांना तेच. चालू वर्षाचा आकडा काढू नका, नोंदी भरायला वेळ लागतो, पुढच्या वर्षाच्या मध्यापर्यंत थांबा नाहीतर दरवर्षी शेवटच्या वर्षात देश कोसळलेला दिसेल (असे आलेख पीएचडीच्या प्रबंधात दर आठवड्याला दिसतात, शेवटचा दांडा आखूड). डेटा काढल्याची तारीख लिहून ठेवा, कारण हे डेटाबेस मागच्या वर्षांतपण भर घालत राहतात, तीच क्वेरी सहा महिन्यांनी वेगळा आकडा देते.

यानंतर जे कुणीच करत नाही ते करा. आलेल्या नोंदींतून शे-दोनशे चिठ्ठ्या टाकून उचला आणि मूळ पीडीएफ उघडून बघा, खरंच भारताचा पत्ता आहे का. हे झालं चुकीचं आत आलेलं. बाहेर राहिलेलं कळायला उलटा प्रवास, म्हणजे मावशींच्यासारख्यांकडून एखाद्या विद्यापीठाच्या वार्षिक अहवालातली यादी घ्या आणि त्यातले किती डेटाबेसमध्ये सापडतात ते बघा. विज्ञान आणि मानव्यविद्या वेगवेगळे काढा हं, एकत्र काढलंत तर सरासरी निरर्थक येते.

अर्धवट_पीएचडी
दोन डेटाबेस घेऊन दोघांत कॉमन किती यावरून राहिलेले किती याचा अंदाज काढता येतो ना? तळ्यातले मासे मोजतात तसं, स्टॅटमध्ये शिकवलं होतं.

आकडेमोडे_नाना
शाब्बास. येतो, पण ते सूत्र धरून चालतं की दोन जाळी एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. इथे दोन्ही जाळी इंग्रजी, डीओआयवाल्या, मोठ्या प्रकाशकाच्या माशांनाच पकडतात. त्यामुळे कॉमन फार जास्त येतात आणि राहिलेले प्रत्यक्षापेक्षा कमी वाटतात. खालची मर्यादा म्हणून आकडा द्या, अंदाज म्हणून नको.

तिरपागडा
आणि लोकसंख्येने भागायचं विसरू नका. तिसरा नंबर तिथेच गळून पडतो.

आकडेमोडे_नाना
लोकसंख्येने भागण्यापेक्षा संशोधकांच्या संख्येने भागा. दहा लाखांमागे आपल्याकडे २६२ संशोधक, जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च, दोन्ही सरकारचेच आकडे, २०२०-२१ च्या आसपासचे. त्या हिशेबाने दोन लाख पेपर कमी नाहीत. पण मग मावशींचे सात पेपरवाले सर सगळ्यात कार्यक्षम ठरतात, तेवढं सांभाळा.

ग्रंथपाल_मावशी
😂 ते रिटायर झाले.
बंड्या, आमच्या विद्यापीठाचे अहवाल लायब्ररीत आहेत, हवे तर पीडीएफ देते. २०१५ च्या आधीचे स्कॅन आहेत, सर्च होत नाहीत, हाताने टाइप करावे लागतील.

बंड्या_पेठेतला
मावशी पाठवा, रविवार आहेच.

मांडवीकाठचो
नाना, माझ्या तीन एनआयओंचं राहिलं. जुन्या नोंदींना आरओआर नाही, मग कशावर लावू?

आकडेमोडे_नाना
पिनकोडवर लावा, ४०३००४. सत्तर-ऐंशीच्या नोंदीत तो पण नसेल तिथे दोना पावला शोधा, जोडून, तोडून आणि मधे डॅश देऊन, तिन्ही. आणि कोची, मुंबई, विशाखापट्टणमची रिजनल सेंटर्स वेगळी घ्यायला विसरू नका, त्यांच्या पत्त्यात गोवा नसतो.